चिठ्ठी नको, अर्ज भरा



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता, संध्याकाळची वेळ. कोरेगावात आमच्या घराच्या ओट्यावर मी वारा खात बसलो होतो. जवळच्याच वाडीतले एक शेतकरी मुलाला घेऊन आले. हातात आंब्यांची पिशवी. मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्याकडे मास्तर कधी पूर्ण निवृत्त होत नाही. पाणी झालं, चहा झाला, पावसाची चौकशी झाली आणि मग मुद्दा निघाला.

"सर, पोराला एनडीएत घालायचा विचार हाय. अकरावीला चांगलं मार्क पडल्यात. तुमची वरपर्यंत वळख हाय. खासदारसाहेबांचं तेवढं येक शिफारसपत्र मिळवून द्या. बाकीचं मी बघतो."

मी मुलाकडे वळलो. विचारलं, "का रे, तुला कशासाठी जायचंय तिथं?"

मुलगा खाली बघत राहिला. उत्तर वडिलांनी दिलं, "त्याला लहानपणापासनं आवड हाय, सर."

मी आत गेलो आणि माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्या तळाशी एक पिवळं पडलेलं पाकीट आहे. त्यात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे आजचा विषय तुमच्या ध्यानात येईल.

1971 साल. मी अकरावी मॅट्रिकच्या वर्गात होतो. तेव्हा दहावी नव्हती, अकरावीला मॅट्रिक होत असे. युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकत आमची पिढी मोठी झाली. मला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. वडिलांना कुणीतरी सांगितलं, "मोठ्या माणसाच्या चिठ्ठीशिवाय तिथं कुणी उभं करत नाही." वडिलांनी शेजाऱ्याकडून उसने पैसे घेतले आणि आम्ही दोघं एस.टी.नं मुंबईला गेलो. एका पुढाऱ्याच्या दारात आठ दिवस बसलो. सकाळी बसायचं आणि संध्याकाळी "उद्या या" ऐकून उठायचं. नवव्या दिवशी चिठ्ठी मिळाली. टाइप केलेल्या चार ओळी आणि खाली झोकदार सही. वडिलांना इतका आनंद झाला की येताना त्यांनी घरी पेढे आणले.

त्या चिठ्ठीच्या धावपळीत आयोगाचा अर्ज टपालानं मागवायचं राहून गेलं. तो मागवायचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा मुदत संपली होती. आमच्याकडे चिठ्ठी होती आणि अर्ज नव्हता. पुढच्या खेपेला वय आडवं आलं. मी बी.एड. करून मास्तर झालो. मास्तरकीनं मला पुष्कळ दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पाकीट मी टाकून दिलेलं नाही.

तेच पाकीट मी त्या बापलेकांपुढे ठेवलं.

आता प्रश्न असा की चिठ्ठीचा हा समज आपल्या भागात इतका खोल रुजला कसा? सातारा जिल्ह्याला सैन्य परकं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही तिथं उभा आहे. आमच्या कोरेगाव तालुक्यातही ज्या घरातलं कुणीच फौजेत गेलं नाही, असं घर शोधावं लागेल. पण हे सगळं नातं शिपाईगिरीचं. भरती कशी होते, छाती किती लागते, किती मिनिटांत पळावं लागतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अधिकारी व्हायचा दरवाजा मात्र आपण लांबूनच पाहिला. जो दरवाजा ठाऊक नाही, त्याची किल्ली कुणातरी मोठ्या माणसाच्या खिशात असणार, असं माणसाला वाटतं.

आणि एके काळी ती खरोखरच दुसऱ्याच्या खिशात होती, हेही सांगितलं पाहिजे. इंग्रजांच्या अमलात हिंदी माणसाला अधिकारपद नाकारलेलंच होतं. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडल्यावर, 1918 मध्ये, इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला 10 जागा राखल्या गेल्या. अख्ख्या हिंदुस्थानाला 10! त्यासाठी जिल्ह्याच्या साहेबापासून गव्हर्नरापर्यंत शिफारस चढत जायची आणि शेवटची पसंती व्हाइसरॉयची. मुलगा कसा आहे याच्याइतकंच घराणं कुठलं आणि बाप सरकारशी किती निष्ठावंत, हेही बघितलं जायचं. तरीही त्या अरुंद दारातून काही मोठी माणसं आत गेली. आपल्या कोल्हापूर भागातले शंकरराव थोरात 1926 मध्ये सँडहर्स्टहून अधिकारी होऊन बाहेर पडले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले.

ही पद्धत बदलावी म्हणून आपल्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. 1925 मध्ये नेमलेल्या स्कीन समितीवर मोतीलाल नेहरू आणि जिना होते. अखेर 1932 मध्ये डेहराडूनला भारतीय सैनिकी प्रबोधिनी सुरू झाली. पहिल्या तुकडीत 40 जण होते. त्यांतले 15 सैन्यातल्या शिपाईवर्गातून आलेले आणि 10 संस्थानांच्या फौजांतून. राहिलेले 15 जण मात्र खुल्या स्पर्धेच्या परीक्षेतून आले. त्या 15 जणांत सहाव्या क्रमांकावर एका डॉक्टरचा मुलगा होता. त्याचं नाव सॅम माणेकशा. 1971 मध्ये मी आणि माझे वडील मुंबईत चिठ्ठीसाठी बसलो होतो, त्या वर्षी देशाचे सरसेनापती तेच होते, आणि ते परीक्षा देऊन आत गेलेले होते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

स्वातंत्र्यानंतर तर प्रश्नच उरला नाही. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपली एनडीए, 1955 च्या जानेवारीत रीतसर सुरू झाली. तिची प्रवेशपरीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. एका परीक्षेला साधारण 400 जागा असतात आणि अर्ज येतात लाखोंनी. लेखी परीक्षा 900 गुणांची. त्यांतले 300 गणिताचे आणि 600 सामान्य क्षमता चाचणीचे. या चाचणीत इंग्रजी, विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी येतात. अर्ज संगणकावरून भरायचा. त्या अर्जात जन्मतारीख विचारतात, शिक्षण विचारतात. 'आपली शिफारस कोण करतो' असा रकाना त्यात नाही.

नुसता रकाना नाही एवढ्यावर ते थांबत नाही. परीक्षेशी संबंधित कुणावरही दबाव आणून उमेदवारीला पाठबळ मिळवणं हा आयोगाच्या नियमांनुसार गैरप्रकार आहे. त्यापायी उमेदवारी रद्द होऊ शकते. म्हणजे ज्या चिठ्ठीसाठी बाप उन्हातान्हात फिरतो, ती कामी आणायला गेलं तर पोराचं नुकसान करणारी ठरते.

लेखी उत्तीर्ण झाल्यावर मुलाला निवड मंडळापुढे जावं लागतं. भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज अशा ठिकाणी ही मंडळं आहेत. मुक्काम सुमारे पाच दिवसांचा. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण घरचा रस्ता धरतात. उरलेल्यांची मानसशास्त्राची चाचणी होते. मैदानावर लाकडी फळ्या, दोर आणि पिंपं देऊन गटानं अडथळे पार करायला सांगतात. मुलाखत होते. या सगळ्यालाही 900 गुण.

तिथली एक गोष्ट मला फार आवडते. मुलगा पोचला की त्याला छातीवर लावायला एक क्रमांक देतात. मग मैदानात तो पाटील नसतो, जाधव नसतो, सरपंचाचा नसतो, सुभेदाराचा नसतो. चेस्ट नंबर अकरा, पुढे या. चेस्ट नंबर अकरा, तुमचं म्हणणं सांगा. आडनाव, गाव, ओळखपाळख, सगळं फाटकाबाहेर राहतं. आणि गंमत बघा, पाचव्या दिवशी जे यशस्वी होतात, त्यांच्यासाठी मंडळ शब्द वापरतं तो 'रेकमेंडेड', म्हणजे शिफारस झालेला. प्रबोधिनीच्या दारात चालणारी शिफारस ही एवढीच. ती मुलानं पाच दिवसांत स्वतःच्या वागण्यातून मिळवायची असते.

कुणी म्हणेल, "सर, सांगायला ठीक आहे, पण वजन असलं की नियम वाकतात." त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जायचं ठरवलं. वय मर्यादेबाहेर गेलं होतं. त्यांना वयाची सवलत मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण निवड मंडळाची परीक्षा त्यांना इतरांसारखीच द्यावी लागली. चेन्नईच्या प्रबोधिनीतलं खडतर शिक्षण पुरं करून सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. वीरपत्नीलाही देश परीक्षा माफ करत नाही, आणि त्या माउलीनंही ती माफ करून मागितली नाही. मग आपण कुठल्या चिठ्ठीच्या गोष्टी करतो?

हे सगळं त्या संध्याकाळी मी सांगत होतो, तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा मान वर करून ऐकत होता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात अमेरिकेतून फोन आला. माझा एक जुना विद्यार्थी तिथं न्यू जर्सीत स्थायिक आहे. त्याचा मुलगा तिथंच जन्मलेला, तिथला नागरिक. त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं होतं. मी चिठ्ठीचा किस्सा सांगितला तसा तो हसायला लागला. म्हणाला, "सर, इथं तर कायद्यानंच खासदाराचं नामांकन लागतं!"

मी चाटच पडलो. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. वेस्ट पॉइंटची अकादमी 1802 मधली. सैन्याचे अधिकारी एकाच प्रांतातून किंवा ठरावीक बड्या घराण्यांतून येऊ नयेत, देशाच्या प्रत्येक भागाला वाटा मिळावा, म्हणून 1843 च्या कायद्यानं तिथं मतदारसंघनिहाय जागा ठरवल्या. आजही भूदल, नौदल आणि हवाईदलाच्या अकादमीत जायचं तर नामांकन लागतं. मुलगा आपल्या भागाच्या प्रतिनिधीकडे आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे वेगवेगळे अर्ज करतो. उपराष्ट्राध्यक्षांकडेही करता येतो. प्रत्येक लोकप्रतिनिधीचे एका अकादमीत एका वेळी पाचच विद्यार्थी असू शकतात, आणि जागा मोकळी झाली की तो दहा-पंधरा नावं पाठवू शकतो. तटरक्षक दलाच्या अकादमीला मात्र अशी अट नाही.

मी विचारलं, "मग तिथंही दारात बसावं लागत असेल?"

"नाही सर. अर्जाची शेवटची तारीख जाहीर असते. गुणपत्रक द्यायचं, निबंध लिहायचा, शिक्षकांची पत्रं जोडायची. आमच्याकडे तर गावातल्याच जाणत्या लोकांची समिती मुलाखत घेते. आईबापांना आत सोडत नाहीत. पोराला पहिलाच प्रश्न विचारला, तुला कशासाठी जायचंय?"

मी इकडे कोरेगावात ओट्यावर विचारलेला प्रश्न आणि तिकडच्या समितीचा प्रश्न, दोन्ही एकच. तिथली पद्धत चांगली की आपली, हा वाद मी घालणार नाही. त्यांनी प्रतिनिधीच्या हाती नामांकन दिलं आणि त्याला कागदाची शिस्त लावली. आपण गव्हर्नर-व्हाइसरॉयांच्या मर्जीचे चटके सोसले होते, म्हणून आपण शिफारसच काढून टाकली आणि परीक्षा ठेवली. वाटा दोन, पण शेवटी दोन्हींकडे मुलालाच उत्तर द्यावं लागतं. आणि तिथं नामांकन मिळालं म्हणजे प्रवेश मिळाला असंही नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या मुलाला तिघांपैकी एकाचं नामांकन मिळालं, पण अकादमीनं घेतलं नाही. तो आता विद्यापीठात शिकता शिकता तिथल्याच अधिकारी-प्रशिक्षणाच्या तुकडीत दाखल झाला आहे.

शिक्षकांच्या पत्राच्या गोष्टीनं मात्र मला रात्रभर झोप लागली नाही. मी नोकरीत शेकडो दाखले दिले. "माझ्या माहितीप्रमाणे याची वर्तणूक चांगली आहे." सगळ्यांना तेच वाक्य, खाली सही-शिक्का. एखाद्या मुलाबद्दल खऱ्या दहा ओळी लिहायला बसलो असतो, तर किती जणांबद्दल लिहू शकलो असतो? कोण पडल्यावर उठतो, कोण दुसऱ्याला उठवतो, हे मी किती बघितलं? चिठ्ठीच्या संस्कृतीला आपण पुढाऱ्यांना दोष देतो. पण न बघता सही करायची सवय आम्हा मास्तरांनीही लावली.

चिठ्ठीच्या याच समजावर आणखी एक धंदा चालतो, त्याबद्दल सावध करणं माझं काम आहे. "आपली सेटिंग आहे, काम झालं तरच पैसे घेऊ, नाही झालं तर परत," असं सांगणारे दलाल गावोगाव फिरतात. त्यांचं गणित साधं असतं. वीस मुलांकडून पैसे घ्यायचे. वीसांतले एक-दोघं स्वतःच्या कष्टानं निवडले जातातच. त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे. बाकीच्यांचे परत केले तर केले, नाहीतर पसार व्हायचं. निवड झालेल्या मुलाच्या बापाला जन्मभर वाटतं की दलालानंच काम केलं, आणि तोच आणखी दहा जणांना त्याचा पत्ता देतो. पोरानं स्वतः मिळवलेलं यश असं दुसऱ्याच्या नावावर जातं.

मग आईबापांनी करायचं काय? धावपळ करायचीच असेल तर ती कागदांसाठी करा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर सारखी आहे का ते आजच बघा. एका काना-मात्रेच्या फरकानं मुलं ऐनवेळी अडकतात. दात, डोळे, कान आधीच तपासून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. निवड मंडळाच्या तयारीसाठी नाशिकला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. त्याची माहिती तिथं मिळते.

लहान वयापासून तयारी करायची असेल तर वाटा आपल्या अंगणातच आहेत. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी साताऱ्यात सुरू झालं. यशवंतराव चव्हाण तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते. कोरेगावाहून ते वीसेक किलोमीटर. तिथं सहावी आणि नववीला लेखी परीक्षेतून प्रवेश मिळतो. डेहराडूनचं राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालय 1922 पासून आहे. आपल्या राज्यात त्याची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे, आणि मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या आदेशानंतर एनडीएची दारं मुलींना उघडली आणि मे 2025 मध्ये मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्यात 17 जणी होत्या. तेव्हा लेकीलाही विचारा, तुला काय व्हायचंय.

आणि पुढाऱ्यांकडे जायचंच असेल तर जरूर जा, पण एका पोराच्या चिठ्ठीसाठी जाऊ नका. गावातले दहाजण मिळून जा. साहेब, शाळेत गणिताचा शिक्षक नाही, तो द्या. पोरांना पळायला मैदान नाही, ते द्या. अभ्यासिकेत रात्री वीज नसते, ती द्या. त्यानं गावातल्या कितीतरी मुलांचं काम होईल आणि कुणाची उमेदवारीही रद्द होणार नाही.

त्या मुलाचं पुढं काय झालं, असं तुम्ही मनात म्हणत असाल. त्या संध्याकाळी निघताना तो उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "सर, अर्ज मीच भरतो." सप्टेंबरची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला. निवड मंडळासाठी भोपाळला गेला. पाचव्या दिवशी त्याच्या छातीवरचा क्रमांक पुकारला गेला नाही. परत आल्यावर तो माझ्याकडे आला. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "कशासाठी जायचंय तिथं?" या वेळी तो अर्धा तास बोलत होता. मैदानात आपण कुठं गप्प बसलो, कुठं दुसऱ्याचं ऐकलं नाही, सगळं सांगत होता. वय शिल्लक आहे, त्यानं पुन्हा अर्ज भरला आहे.

त्याचे वडील या वेळीही सोबत होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "सर, ते तुमचं पाकीट आता टाकून द्या की."

मी ते टाकलेलं नाही. पुढचा कुणी चिठ्ठी मागायला आला, तर त्याला दाखवायला लागेल.